१ मे, महाराष्ट्र दिन: सोसायटी, क्लब आणि पाहुणे मिळून ध्वजवंदन करताना नेमकी काय तयारी लागते?

कोथरूडकर (धागाकर्ता)

तीन सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ आणि लायन्स क्लब मिळून यंदा महाराष्ट्र दिन एकत्र साजरा करायचं घाटतंय. मैदान सोसायटीच्या हद्दीतलं, माणसं दोनशेच्या आसपास. आमदार आणि माजी नगरसेविका यांना बोलवायचं आहे. बैठकीत तीन गोष्टींवर घोडं अडलंय: वेळ कोणती, झेंडा कोणाच्या हस्ते, आणि राष्ट्रगीत आधी की राज्यगीत. खांबही नवा उभारायचा आहे. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी मापांसकट लिहावं.

राजशिष्टाचार

वेळेपासून सुरुवात करा, कारण बाकीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

१ मे रोजी जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ८ वाजता असतं, बहुतेक ठिकाणी पालकमंत्र्यांच्या हस्ते. मुंबईत मुख्य समारंभ दादरच्या शिवाजी पार्कवर राज्यपालांच्या उपस्थितीत होतो. या मुख्य समारंभाला लोकांना जाता यावं म्हणून सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक ७.१५ ते ९.०० ही वेळ मोकळी ठेवायला सांगतं. ज्या कार्यालयांना आपला स्वतंत्र कार्यक्रम करायचा असेल त्यांनी तो ७.१५ च्या आधी किंवा ९.०० नंतर करावा. हे बंधन सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना आहे, सोसायटीला नाही. पण तुमचे आमदार त्या वेळी मुख्य मैदानावर असणार हे उघड आहे. तुम्ही ८ ची वेळ छापलीत तर ते येणार ९.३० ला, आणि तोवर म्हातारी माणसं उन्हात ताटकळणार.

म्हणून ध्वजवंदन बरोबर ७.०० वाजता उरका. आमदारांना ते जमत असेल तर उत्तम, नसेल तर त्यांना संध्याकाळच्या कार्यक्रमाला बोलवा. निमंत्रणपत्रिकेवर दोन्ही वेळा वेगवेगळ्या छापा.

कोणाच्या हस्ते? खाजगी संस्थेसाठी असा कोणताही नियम नाही. पदावरच्या माणसाचाच मान असतो ही निव्वळ समजूत आहे. ज्येष्ठ सभासद, निवृत्त सैनिक, परिसरातली सफाई कामगार ताई, शाळेची मुख्याध्यापिका, कोणीही चालतं. पाहुणे बोलावलेच असतील तर दुसरं नाव बैठकीतच ठरवून इतिवृत्तात लिहा: ‘पाहुणे ६.५५ पर्यंत न आल्यास अमुक यांच्या हस्ते.’ हा ठराव पाहुण्यांच्या स्वीय सहायकाला आधीच कळवायचा. ऐन वेळी मैदानात ‘पाच मिनिटं थांबूया का’ ही चर्चा सुरू झाली की ती पाच मिनिटं पाऊण तासाची होतात.

गीतांचा क्रम: झेंडा फडकला की लगेच राष्ट्रगीत, त्यानंतर राज्यगीत. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज. राज्यगीत म्हणून दोनच चरण स्वीकारलेत, ते दोन मिनिटांच्या आत संपतं. पूर्ण जुनं ध्वनिमुद्रण लावलं तर ते बरंच लांबतं आणि सावधान उभं कधीपर्यंत राहायचं ते कोणालाच कळत नाही. राज्यगीतालाही सावधान उभं राहायचं असतं. आजारी, वृद्ध, दिव्यांग आणि गर्भवतींना त्यातून सूट आहे, तेव्हा पहिली रांग खुर्च्यांची ठेवा.

पी_टी_सर

झेंडा, खांब आणि गाठ यांबद्दल लिहितो.

ध्वजसंहितेत ठरलेली मापं नऊ आहेत, सगळी ३:२ प्रमाणातली. तुमच्या कामाची दोन: ९०० × ६०० मिमी (चक्राचा व्यास १८५ मिमी) आणि १३५० × ९०० मिमी (चक्र २८० मिमी). वीस फुटी खांबाला दुसरं माप शोभतं. झेंड्याची लांबी खांबाच्या उंचीच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असावी. दुकानात ‘मोठा झेंडा द्या’ म्हणू नका, टेप घेऊन जा. बाजारात तीनास दोन नसलेले, चक्र अंडाकृती छापलेले झेंडे पुष्कळ येतात. चक्राचे आरे २४ आहेत का आणि चक्र दोन्ही बाजूंना नीट दिसतं का, तेही बघा. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो. खादीचा जड असतो, वारा कमी असेल तर लोंबतो. सकाळी सातला वारा बहुधा पडलेलाच असतो, त्यामुळे पॉलिस्टर बरा उघडतो. दिसायला खादीच देखणी, यात वाद नाही.

खांब: दोन इंची जीआय पाईप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), जमिनीत दोन फूट. थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. अडीच इंची पाईपचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवा आणि खांब त्यात उभा करून बोल्टने आवळा, म्हणजे कप्पी अडकली तर खांब आडवा करता येतो. उभारताना आजूबाजूला विजेची तार नाही ना, हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहावं. वीस फुटी लोखंडी पाईप तोल जाऊन तारेवर गेला तर धरणाऱ्या सगळ्यांना धक्का बसतो. तार खांबाच्या उंचीच्या दीडपटीच्या आत असेल तर जागा बदला.

दोरी सहा मिमी जाडीची, नायलॉनची, ४५ फूट. सुती दोरी दवाने फुगते आणि कप्पीत रुतते. कप्पीला आदल्या दिवशी दोन थेंब तेल.

आता गाठ. झेंडा न उघडण्याचं कारण शंभरात नव्वद वेळा इथेच असतं. झेंड्याच्या केशरी टोकाला लाकडी गुल्ली असते आणि हिरव्या टोकाकडून दोरीचा तुकडा सुटतो. गुल्ली नेहमी वरच्या फासात अडकवायची. एवढं लक्षात ठेवलं तर झेंडा उलटा चढत नाही. दोघांनी झेंडा आडवा ताणून धरा. केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याखाली दुमडा. मग मोकळ्या टोकाकडून खांबाच्या बाजूकडे पंख्यासारख्या घड्या घाला, गुंडाळी करू नका. गुंडाळी सुटायला वेळ लागतो, घड्या एका झटक्यात सुटतात. पाकळ्या घालायच्या तर मूठभर, झेंडूच्या सुट्या आणि कोरड्या. ओल्या गुलाबपाकळ्या कापडाला चिकटतात, डागही पाडतात.

या पुडक्याभोवती खालच्या दोरीचा एकच वेढा द्या आणि दोरीचा दुमडलेला फास, म्हणजे टोक नव्हे तर मधला लूप, वेढ्याखालून अर्धा ओढा. ही सरकगाठ. दोरीचं टोकच आरपार ओढलंत की ती पक्की गाठ होते आणि पाहुणे ओढत बसतात. लूप चार बोटांएवढा बाहेर राहावा. दोन वेढे नकोत, वरून रबरबँड नको, टाचणी तर मुळीच नको. पुडकं वर नेल्यावर दोरीचा जो पदर खेचायचा त्याला पांढरी चिकटपट्टी लावून ठेवा, कारण पाहुणे चुकीचा पदर ओढतात आणि गाठ आवळते.

आदल्या संध्याकाळी तीनदा करून बघा आणि तिन्ही वेळा घडी नव्याने घाला. ६.३० ला खांबापाशी एक शिडी आणि घडी घातलेला दुसरा झेंडा तयार हवा. नाहीच उघडला तर गडबड न करता पुडकं खाली घ्या, सोडवा आणि झेंडा उघडाच वर चढवा. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश.

सह्याद्रीकर

सर, गाठीचं वर्णन जपून ठेवतोय. एक प्रश्न: आमच्याकडे काही तरुण म्हणतात की तिरंग्याखाली त्याच खांबावर भगवाही लावू. चालतं का?

राजशिष्टाचार

चालत नाही. एका खांबावर राष्ट्रध्वजासोबत दुसरा कोणताही ध्वज लावता येत नाही, आणि शेजारी लावलेला दुसरा ध्वज तिरंग्याहून उंच किंवा बरोबरीला नको. भगवा हवाच असेल तर वेगळ्या, कमी उंचीच्या काठीवर आणि अंतर ठेवून लावा. क्लबच्या बॅनरचंही तसंच. रोटरी-लायन्सचा ध्वज पोडियमला लावतात तिथे अडचण नाही, पण खांबाच्या मागची कमान खांबापेक्षा उंच करू नका. राष्ट्रध्वजाचा अवमान १९७१ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

वैदर्भी

पुण्या-मुंबईच्या लोकांनी ऊन हलक्यात घेऊ नये. आमच्याकडे १ मे ला पारा ४२ च्या पुढेच असतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या मैदानावर उष्माघाताने १४ माणसं गेली. मंच सावलीत आणि माणसं उन्हात, हा आराखडाच चुकीचा असतो. कापडाचा छोटा मंडप असेल तर तो श्रोत्यांवर घाला. पाहुणे पंधरा मिनिटं उन्हात उभे राहिले तर बिघडत नाही.

दोनशे माणसांचा हिशोब: पिण्याचं पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे १०० लिटर. वीस लिटरचे पाच जार, आणि एक जास्तीचा. ते एकाच टेबलावर न ठेवता दोन टोकांना वाटा. ताक माणशी २०० मिली, म्हणजे ४० लिटर. त्यासाठी दही १० लिटर, पाणी ३० लिटर, मीठ २०० ग्रॅम, भाजल्या जिऱ्याची पूड ६०-७० ग्रॅम. कोथिंबीर-मिरची वाटून घालायची तर गाळून घाला. ताक सहाला घुसळून थंड ठेवा. दह्याचं विरजण आदल्या रात्री उशिरा लावलं तरच ते आंबट होत नाही. बर्फ ताकात टाकू नका, भांड्याबाहेरून लावा. निळसर बर्फ खाण्याचा नसतोच. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला तो रंग घालायचा नियम आहे.

कोणी घामाघूम होऊन मटकन बसलं तर सावलीत आडवं करा, पाय उंच, ओल्या फडक्याने मान-काखा पुसा. शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचं पाणी द्या: एक लिटरला सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घाम थांबून अंग तापलं असेल, बोलण्यात गोंधळ असेल, तर तोंडात काही घालू नका. थेट १०८ ला फोन आणि अंगावर पाणी.

ध्वनिरेषा

दोनशे माणसांना बारा इंची दोन पॉवर्ड (आतच अॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर पुरतात, स्टँडवर सहा फुटांच्या वर. ते माईकच्या पुढच्या रेषेत ठेवा. मागे गेले की शिट्टी मारणारच. भिंत उभी केल्यासारखे डीजेचे डबे लागत नाहीत.

राष्ट्रगीत रेकॉर्डवर वाजवू नका. बावन्न सेकंदांची धून सुरू होते, लोक अर्ध्या मात्रेने मागे पडतात आणि शेवटच्या ‘जय हे’ला दोन गट होतात. त्यापेक्षा चार-पाच चांगले आवाज माईकजवळ उभे करून सगळ्यांनी मिळून गावं. सा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये धरा. तानपुऱ्याचं अॅप दहा सेकंद वाजवून बंद करा, सूर कानात बसतो. सा उंच लागला की ‘जय हे, जय हे’ला वरचा सा गाठताना बायकांचे आवाज फाटतात आणि पुरुष गप्प होतात. राज्यगीत मात्र ध्वनिमुद्रित चालेल, त्याचा ठेका साथीशिवाय ढिला पडतो. फाईल मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, मोबाईल विमान मोडवर, जोडणी वायरने. ब्लूटूथवर ऐन गाण्यात कोणाचा तरी फोन वाजतो.

परवानगी: जागा स्वतःची असली तरी ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज लागतो, आठ दिवस आधी. अर्जात जागा, वेळ, स्पीकरची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन लिहा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. रात्री १० नंतर बंद. जिल्हाधिकारी वर्षातले ठरावीक दिवस रात्री १२ पर्यंत मोकळे करतात, त्या वर्षीची यादी बघूनच संध्याकाळचा कार्यक्रम आखा. वीज सोसायटीच्या मीटरवरून घ्या, पण ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). रस्त्यावरच्या खांबावर आकडा नको.

कामगार_आघाडी

१ मे कामगार दिनही आहे आणि सोसायट्या हे साफ विसरतात. पहाटे पाचला मंडप बांधणारे, खुर्च्या मांडणारे, वॉचमन, घंटागाडीवाले, सगळे त्या दिवशी कामावर. सत्कार करायचाच तर त्यांचा करा, आणि नुसत्या शाल-नारळावर भागवू नका. पाकिटात रक्कम, त्यावर पूर्ण नाव, नाव स्वतः त्यांना विचारून लिहिलेलं. ‘वॉचमन काका’ अशी हाक मंचावरून नको. सुट्टीच्या दिवशी काम करून घेतल्याची मजुरी आधीच ठरवा. सत्कार सुरुवातीलाच घ्या. शेवटी ठेवला तर पाहुणे निघून गेलेले असतात आणि टाळ्या वाजवायला कोणी उरत नाही.

संयुक्त महाराष्ट्राची लढाई गिरणी कामगारांनी लढलेली आहे. हुतात्मा चौकातल्या स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उगाच नाहीत.

लातूरची_लेक

+१. पाहुण्यांच्या भाषणाबद्दल एक सूचना. त्यांना निमंत्रणासोबत एक पानी टिपण द्या, म्हणजे पाच मिनिटांत नेमकं बोलतात. हे मुद्दे चालतील:

संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ६ फेब्रुवारी १९५६ ला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ, मराठवाडा, कच्छ-सौराष्ट्र जोडून मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. म्हणजे मराठवाडा-विदर्भ १९६० ला आले हे चूक, ते आधीच एका राज्यात आले होते. सी. डी. देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार, सेनापती बापट एका मंचावर होते. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे डफ गावोगाव वाजले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. हुतात्म्यांचा आकडा १०६ सांगितला जातो, काही याद्यांत १०७ आहे. टिपणात एकच ठेवा, नाहीतर प्रत्येक वक्ता वेगळा सांगतो. १९६० ला राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६. पालघर हा छत्तिसावा, १ ऑगस्ट २०१४ चा.

बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिले हेही सांगावं. ते वगळून केलेलं भाषण अर्धं वाटतं.

बॅनर छापणाऱ्यांनी आणखी एक बघावं: मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला असतो. १ मे हा राजभाषा मराठी दिन. दोन्हींची अदलाबदल सर्रास होते.

कोथरूडकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. वेळ ७.०० ठरवतोय, आणि झेंडा परिसरातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या हस्ते. आता बॅनरचा वाद: माजी नगरसेविका मंडपाचा खर्च उचलायला तयार आहेत, त्यांचा फोटो असलेला फ्लेक्स लागेल म्हणतात. काय करावं?

राजशिष्टाचार

रस्त्यावर लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी, ठरावीक दिवसांसाठी, आणि परवानगी क्रमांक फ्लेक्सवर छापलेला हवा. विनापरवाना लावला तर विद्रूपीकरणविरोधी कायद्याखाली गुन्हा आयोजकांवर येतो, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांवर. मंडपाच्या आत लावायचा तर ध्वजखांबाच्या मागे नको. झेंड्यामागे माणसाचा चेहरा दिसणं वाईटच. एका कोपऱ्यात ‘मंडप सौजन्य’ एवढी ओळ, फोटोशिवाय, हा तोडगा बहुतेकांना पटतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर ‘सौजन्य’ही काढा. २०२४ ला १ मे लोकसभेच्या आचारसंहितेतच आला होता.

मंडपवाले_नाशिक

फ्लेक्सला वाऱ्यासाठी भोकं पाडा आणि कमान चारही बाजूंनी ताणा. मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला की कापडापेक्षा फ्लेक्स आधी उडतो, आणि लाकडी चौकटीसकट उडतो. सकाळचा कार्यक्रम संपला की कमान दुपारीच उतरवून टाकायची.

ग्रामसेवक_मित्र

गावाकडच्यांसाठी: १ मे ला ध्वजवंदन, शाळेचा निकाल आणि ग्रामसभा एकाच दिवशी असतात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. निकालाला आलेले पालक तिथेच असतात, त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यातच लगेच सभा घेतली तर गणपूर्ती होते. ‘अकराला चावडीवर’ म्हटलं की माणसं घरी जातात ती परत येत नाहीत आणि सभा तहकूब करावी लागते.

एडिसनकर

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी भर घालतो. अमेरिकेत १ मे ला सुट्टी नसते, म्हणून कार्यक्रम जवळच्या शनिवारी. दोन्ही देशांचे ध्वज लावताना खांब वेगळे, उंची सारखी, आकार जवळपास सारखा. अमेरिकेचा ध्वज त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांना डावीकडे दिसतो. दोन्ही राष्ट्रगीतं घ्यावीत. शाळेचं सभागृह भाड्याने घेताना आत पोहे-ताक चालतं का, ते आधी लेखी विचारा. बऱ्याच शाळा फक्त कॅफेटेरियात खाऊ देतात.

सह्याद्रीकर

संध्याकाळी झेंडा उतरवायलाच हवा का? आणि कार्यक्रमानंतर मुलांच्या हातातले कागदी झेंडे?

पी_टी_सर

जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांना उघड्यावर रात्रंदिवस झेंडा ठेवता येतो. पण रात्री लक्ष द्यायला कोणी नसेल आणि वळवाचा अंदाज असेल तर सूर्यास्ताला उतरवा. फाटलेला किंवा मळलेला झेंडा वर ठेवणं संहितेत बसत नाही आणि एका वादळात शिवण उसवते. उतरवताना जमिनीला टेकू न देता दोघांनी झेलायचा. केशरी-हिरवी पट्टी पांढऱ्याखाली घालून चक्र वर राहील अशी घडी करायची आणि सुती पिशवीत ठेवायची. दमट कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर पावसाळ्यानंतर त्यावर बुरशीचे ठिपके पडलेले सापडतात.

कागदी झेंड्यांसाठी फाटकापाशी एक स्वच्छ खोका ठेवा आणि दोन मुलांना तिथेच उभं करा. ‘नंतर गोळा करू’ म्हटलं तर ते पार्किंगमध्ये पायदळी सापडतात. जमा झालेले खाजगीत, मानाने जाळायचे, कचऱ्याच्या गाडीत नाही. प्लास्टिकचे मुळात आणूच नका.

कोथरूडकर (धागाकर्ता)

खोक्याचं काम पाचवी-सहावीच्या मुलांकडे दिलं. खांबाचं काँक्रीट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भरायचं ठरलं, म्हणजे पाणी मारायला पुरेसे दिवस मिळतील. ३० तारखेला संध्याकाळी सहाला गाठीची तालीम, ज्यांना बघायची त्यांनी यावं.